कॉम्प्युटर शुद्धीवर येताना

"सर, बेशुद्ध पडलेला कॉम्प्युटर शुद्धीवर आला की सिनेमातल्या नायिकेसारखा 'मी कुठे आहे?' असं विचारतो का?"

हा प्रश्न माझा नाही. तो शेवटच्या बाकावर जन्माला आला, मधल्या सुट्टीत घासूनपुसून लख्ख झाला आणि "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणून माझ्या गळ्यात पडला. गेल्या वर्षी हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज घशात अडकायचा. या वर्षी मात्र मला एकाएकी कंठ फुटलाय. का ते विचारू नका. आई म्हणते वय, बाबा म्हणतात मैत्रिणी. तर मी उभी राहिले, वेणी मागे टाकली आणि विचारलं. वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

कॉम्प्युटरचे सर हसले नाहीत. ही त्यांची फार वाईट खोड आहे. कुठल्याही वात्रट प्रश्नाला ते मनापासून उत्तर देतात.

"नाही," ते चष्मा पुसत म्हणाले. "तो विचारतो, 'मी काय करत होतो?'"

मग त्यांनी उरलेला तास त्यातच घालवला. म्हणे कॉम्प्युटरच्या आत जी मुख्य व्यवस्था असते, ऑपरेटिंग सिस्टिम, ती शहाणी असते. कुठलंही मोठं काम हातात घ्यायच्या आधी ती टिपून ठेवते, 'आता मी हे करणार.' मग करते. मग पुढे खूण करते, 'झालं.' मध्येच वीज गेली, की उठल्यावर आधी ती टिपणं वाचायची. ज्याच्यापुढे 'झालं' आहे त्याची काळजी नाही. जे अर्धवट आहे ते एकतर पुरं करायचं, नाहीतर सुरूच केलं नव्हतं असं समजून मागे फिरायचं. अर्धवट काही ठेवायचं नाही. (आमच्या घरात खिडकीच्या गजांना अर्धा पांढरा आणि अर्धा गंजाचा असा रंग आहे. बाबांना मध्येच फोन आला होता. मी पहिलीत असताना.)

"आणि हे चालू असताना," सर म्हणाले, "कोणी मध्ये हात घालू नये. रोग परवडला, पण अर्धवट दुरुस्ती नको."

मैत्रिणींची निराशा झाली. त्यांना मी वर्गाबाहेर उभी राहिलेली बघायची होती. पण त्या दिवसापासून मला सगळे 'डॉक्टर' म्हणायला लागले आणि लोक आपापले बिघडलेले कॅल्क्युलेटर घेऊन माझ्या बाकाशी येऊ लागले. पदवी फुकटात मिळाली की डोक्यात लवकर जाते. मी ते कॅल्क्युलेटर हातात घेऊन "हं" असं म्हणत असे.

शनिवारी पेशंट घरातच निघाला.

आमचा कॉम्प्युटर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या पॅसेजमध्ये असतो. टेबल त्याच्यासाठी घेतलंय, पण त्यावर त्याच्याखेरीज बाबांचं हेल्मेट, घरभराच्या किल्ल्या, वर्तमानपत्रं आणि उघडत नसलेली एक छत्री राहते. पाणी प्यायला जाणारा माणूस त्या खुर्चीला धक्का दिल्याशिवाय जाऊ शकत नाही, आणि त्या खुर्चीत आई बसलेली असते.

आई इमारतींचे नकाशे काढते. म्हणजे मी व्हायच्या आधी काढायची. मग मी झाले आणि तिचं ते थांबलं. आता एका आर्किटेक्ट बाईंनी तिला एका दुमजली वाचनालयाचे नकाशे काढायला दिले होते. सोमवारी सकाळी द्यायचे. "हे नीट झालं तर पुढची कामं तुमच्याकडेच," असं बाई म्हणाल्या होत्या. आईने हे आम्हाला भाजी चिरता चिरता सांगितलं, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय. पण त्या रात्री ती भांडी घासताना गुणगुणत होती, आणि आमच्या आईला सूर अजिबात नाही.

शनिवारी दुपारी आम्ही मामाचं नवं घर बघायला निघालो. घराबाहेर पडताना, मग ते कोपऱ्यावरच्या दुकानात का असेना, बाबा एक फेरी मारतात. पुढे बाबा, मागे आम्ही.

"गॅस?"

"बंद," आई.

"नळ?"

"बंद," मी.

"पंखे?"

"बंद!" दोघी.

आम्ही कितीही खात्रीने म्हटलं, तरी ते प्रत्येक वस्तूला हात लावून बघतात. फ्रिज तेवढा वाचलाय, कारण एकदा तोही बंद झाला होता आणि परत आल्यावर जे झालं त्याबद्दल आमच्याकडे बोलत नाहीत.

त्या फेरीच्या जरा आधी कॉम्प्युटरने आईला विचारलं होतं, 'अपडेट करू का?' आई कोणालाच नाही म्हणत नाही. तिने त्यालाही हो म्हटलं आणि साडी बदलायला गेली. पडद्यावर ठसठशीत अक्षरांत आलं, 'अपडेट चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.'

बाबांनी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. मी चप्पल घालताना ऐकलं. आणि मग त्यांनी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं.

"बाबा, तुम्ही वाचलंत ना ते?" असं मी नंतर निदान दहा वेळा विचारलं.

"वाचलं की."

"मग?"

"अगं, टीव्हीवर पण लिहितात, 'कुठेही जाऊ नका.' आपण जातोच ना?"

 

संध्याकाळी परत आलो. आईने बटण दाबलं. काळा पडदा. त्यावर ठिपक्यांचं एक कडं गोल गोल फिरायला लागलं. खाली लिहून आलं, 'दुरुस्तीची तयारी.'

"कोणी हात लावू नका!" मी ओरडले. "तो आत्ता शुद्धीवर येतोय. तो स्वतःला विचारतोय, मी काय करत होतो."

"काय करत होता म्हणजे? बंद होता!" बाबा म्हणाले.

"बंद कोणी केला?"

"हा मुद्दा आत्ता नकोय."

ठिपके फिरत राहिले. आकडा अकरा टक्क्यांवर आला आणि तिथेच बसला. आता एक सांगते. आमचे बाबा लिफ्टचं बटण दुसऱ्याने दाबलेलं असलं तरी पुन्हा दाबतात. सिग्नल लाल असताना ते तोंडाने "चल, चल" म्हणतात. अशा माणसापुढे अकरा टक्के असं लिहून ठेवणं हीच मुळात क्रूर गोष्ट. मी पाणी प्यायला वळले तेवढ्यात त्यांनी 'नुसतं एकदा' बंद करून चालू केलं. कडं पुन्हा पहिल्यापासून. आता तर टक्केही नाहीत.

"बाबा!"

"अडकला होता तो. मी मोकळा केला."

आमचे आवाज चढलेले ऐकून खालचे काका वर आले. खालचे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले आहेत, पण त्यांच्या आवाजाला ते अजून कळलेलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन पडद्याकडे बघितलं आणि निकाल दिला, "प्लग काढा. थांबा. प्लग घाला."

"काका, तो दुरुस्त होतोय. मध्ये प्लग काढला तर—"

"माझ्या मिक्सरला हेच केलं. अजून चालतोय."

"काका, मिक्सरला काही आठवायचं नसतं हो!"

पण वडीलधाऱ्या माणसाने वर येऊन सल्ला दिला आणि तो ऐकला नाही, असं आमच्या घरात होत नाही. प्लग निघाला. मग घातला गेला. मग समोरच्या काकू आल्या. त्यांच्या भाच्याचा फोन पाण्यात पडला होता, तो तांदळाच्या डब्यात ठेवल्यावर बरा झाला होता.

"काकू, हा पाण्यात पडला नाहीये."

"पण ठेवून बघायला काय जातं?"

"एवढा मोठा खोका? काकू, पोतं लागेल पोतं!"

मी हसत वळले, तर आई स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्याकडे बघत होती. खरंच बघत होती, मनात मापं घेतल्यासारखी. तेव्हा मला कळलं की ती किती घाबरलीये. माझं हसू जिथल्या तिथे विरलं.

एवढ्यात मामाचा फोन. मामा कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणून आमच्या खानदानातला तो तज्ज्ञ. त्याच्याकडे सगळ्या रोगांवर एकच औषध आहे.

"ताई, फॉरमॅट मार."

"म्हणजे काय होईल?" आईने विचारलं.

"सगळं पुसून नव्यासारखा होईल. मस्त पळेल."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल ना गं. पण पळेल!"

बाबांचा चेहरा उजळला. त्यांना एव्हाना फक्त तो चालू व्हायला हवा होता. कुठल्याही अवस्थेत. आपण काही मोडलं नाही, एवढंच सिद्ध व्हायला हवं होतं.

"बघ, चालू तर होईल," ते म्हणाले.

आई खुर्चीत बसली. हळूच म्हणाली, "नको अहो. माझं वाचनालय आहे आत."

काकू "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणत गेल्या. त्यांच्याकडे दूध सकाळी येतं.

रविवारी सकाळी कॉम्प्युटरने नवीनच नाटक सुरू केलं. इतक्या वेळा झोपेतून उठवून पुन्हा झोपवल्यावर त्याचा आमच्यावरचा विश्वासच उडाला असावा. पडद्यावर आलं, 'रिकव्हरी की टाका.' म्हणजे तुम्ही खरंच या घरातले आहात का, आधी किल्ली दाखवा, मगच आतलं बघू देतो. आणि खरं सांगू, मला त्याचं पटलं. मी त्याच्या जागी असते तर मीही आम्हाला आत घेतलं नसतं.

ही किल्ली म्हणजे लांबलचक आकडा असतो, आणि तो कॉम्प्युटर घेताना बाबांनी उघडलेल्या ऑनलाइन खात्यात ठेवलेला असतो असं मी माझ्या फोनवर शोधून काढलं. खातं उघडायला गेले. पासवर्ड बाबांना पाठ होता. (तो माझा वाढदिवस निघाला. मी थोडीशी विरघळले, पण दाखवलं नाही.) तेवढ्यात ते म्हणालं, तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा.

बाबांचा फोन गप्प.

"कुठल्या नंबरवर पाठवलाय?" आई म्हणाली.

मी शेवटचे आकडे वाचून दाखवले. बाबा सावकाश सोफ्यावर बसले. तो त्यांचा जुना नंबर होता. कर्ज घ्या, कर्ज घ्या म्हणून फार फोन यायचे म्हणून त्यांनी तो सोडून दिला आणि सगळ्या नातेवाइकांना नवा नंबर कळवला. कॉम्प्युटर नातेवाईक नसल्यामुळे त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

"मग आता तो नंबर कोणाकडे असेल?" मी म्हणाले.

"विचारू की," म्हणत बाबांनी स्वतःचाच जुना नंबर लावला. फोन स्पीकरवर. एका बाईंनी उचलला. मागे लहान मुलांची किलबिल चालली होती.

"नमस्कार," बाबा अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर आत्ता एक ओटीपी आला असेल. तो जरा सांगता का?"



"लाज नाही वाटत?" बाई म्हणाल्या, आणि फोन बंद.

आता हेही सांगायला हवं की आमच्या इमारतीच्या फळ्यावर 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हा कागद बाबांनी स्वतः लावलाय. लाल पेनाने खाली तीन रेघा मारून. त्यामुळे त्यांना त्या बाईंचा राग येत होता आणि अभिमानही वाटत होता, आणि दोन्ही एकदम चेहऱ्यावर मावत नव्हतं.

"थांबा, तुम्हाला बोलता येत नाही," खालचे काका म्हणाले. (ते कधी आले होते? कोणास ठाऊक.) त्यांनी आपल्या फोनवरून नंबर लावला, घसा खाकरला आणि मॅनेजरच्या आवाजात सुरुवात केली, "मॅडम, मी बँकेतून—"

'निवृत्त' हा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडलाच नाही. त्या बाई पुढे जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात पोलीस होते, आणि काकांचं वय झालंय याचा उल्लेखही होता. त्यांनी काकांना पाहिलेलंसुद्धा नाही! काका कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन बराच वेळ वर्तमानपत्र वाचत बसले. कालचं.

मग मी आईचा फोन घेऊन स्पीकरवर तोच नंबर लावला. गेल्या वर्षीची मी असते तर बाथरूममध्ये जाऊन बसले असते.

"आता तिसरा? अख्खी टोळी आहे का रे तुमची?"

"रे नाही हो, मी मुलगी आहे. आणि फोन ठेवू नका, प्लीज. ओटीपी सांगू नका हवं तर, पण आमच्या घरात काय झालंय ते तरी ऐका, कारण मला हे कोणाला तरी सांगायचंच आहे."

आणि मी सगळं सांगितलं. अपडेट, बटण, अकरा टक्के, मिक्सर, तांदूळ. एका श्वासात. त्यांनी ठेवला नाही.

"थांब. वडिलांनी चालू असताना बंद केला?"

"हो."

"बंद करू नका असं समोर लिहिलेलं असताना?"

"वाचून."

"आमच्याकडे पण असाच एक नग आहे," त्या म्हणाल्या. बाबा छताकडे बघायला लागले. "कॉम्प्युटर कोणाचा? कशाला हवाय एवढा?"

"आईचं काम आहे त्यात. उद्या द्यायचंय."

"दे आईकडे."

आईने फोन असा धरला जसा गरम भांडं धरतात. "हॅलो... नाही, मी तशी घरीच असते, हे आपलं थोडंफार..." मी डोळे वटारले. आई थांबली. तिने पदराने कपाळ पुसलं.

"मी नकाशे काढते," ती म्हणाली. "इमारतींचे. आत्ता एक वाचनालय आहे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि मग आई बोलतच सुटली. ऊन पुस्तकांवर पडायला नको पण वाचणाऱ्याच्या पानावर उजेड हवा, म्हणून खिडक्या कुठे घेतल्यात. लहान मुलांच्या कोपऱ्यात खिडकी अगदी खाली, बसल्या बसल्या बाहेर दिसेल अशी. म्हाताऱ्या माणसांना टेकायला कठडा कुठे. हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं म्हणा. त्या बाई पाळणाघर चालवत होत्या, रविवारीसुद्धा. त्या खिडकीच्या उंचीवरून दोघींचा चक्क वाद झाला. आई म्हणत होती, "नाही हो, तेवढी खाली घेतली तर मुलं चढतील." आई! वाद घालत होती! अनोळखी माणसाशी!

शेवटी बाईंनी ओटीपी सांगितला. तोवर त्याची मुदत संपली होती.

मी दुसरा मागवला. तोही त्यांनी सांगितला. वर म्हणाल्या, "आणि टोळीच निघालात ना, तर नंबर आहे माझ्याकडे."

"तो नंबर आमचाच होता," बाबा पुटपुटले. आईने त्यांच्याकडे बघितलं.

किल्ली मिळाली. मी आकडे वाचले, आईने टाकले, बाबांनी हात पाठीमागे बांधून ठेवले. ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं. मी पॅसेजमध्ये स्टूल आडवं टाकून बसले आणि जाहीर केलं की हे संपेपर्यंत पलीकडे कोणी जाणार नाही. तहान लागली तर बेसिनचं पाणी प्या. काकू दारातूनच माझा चेहरा बघून परत गेल्या.

अकरा टक्के. पुन्हा तेच अकरा. बाबा स्टुलापर्यंत आले.

"मी फक्त बघतोय."

"लांबून बघा."

"अडकलाय तो."

"आठवतोय तो, बाबा! त्याला आठवू द्या! आपण सगळे मिळून त्याला किती वेळा विसरायला लावलंय, माहितीये का?"

बाबा माझ्याशेजारी जमिनीवर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली घालून. आई भिंतीला टेकून उभी होती. अकरा हळूच बारा झाले. मग एकदम चाळीस, मग साठावर पुन्हा दम खाल्ला, आणि दुपार उतरणीला लागली तेव्हा पडदा उजळला. आईचा नकाशे काढायचा प्रोग्रॅम उघडल्यावर त्याने नम्रपणे विचारलं, 'मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं. वाचवलेली प्रत उघडू?'

उघडली. वाचनालय होतं. खिडक्या होत्या, मुलांचा कोपरा होता, वरचा मजलाही होता. फक्त वर जायला जिना नव्हता. शनिवारी अपडेटच्या आधी आई शेवटी जिनाच काढत होती. तो अर्धवट होता म्हणून काढून टाकला गेला.

बाबांनी आईकडे बघितलं. आई हसली. "तो जिना मला तसाही पटला नव्हता," म्हणाली आणि खुर्ची ओढून कामाला बसली.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या घरात संपलीही असती.

पण बाबा आले. "जरा सरकतेस का, हेल्मेट घ्यायचंय." आई सरकली. काका आले, चहाचा कप कॉम्प्युटरच्या खोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, प्लगच होता?" आई म्हणाली, "हो ना." मामाचा फोन आला, "केलंस ना फॉरमॅट?" आईने काम थांबवून त्याला त्याच्या नव्या घराचे पडदे किती छान आहेत ते सांगितलं. काकू तांदळात ठेवून बघितला का ते विचारायला आल्या. मग बाबा पुन्हा आले, पडद्याकडे वाकून म्हणाले, "आत्ता अपडेट नाही ना चालू?" आणि त्यांचा हात आपोआप भिंतीकडे गेला. खरंच, त्यांच्याही नकळत. दर वेळी आई थांबायची, हसायची, "या ना" म्हणायची आणि मग पडद्याकडे वळून जिन्याची ती एकच पायरी पुन्हा शोधायची.

कॉम्प्युटर निदान 'बंद करू नका' असं लिहून तरी दाखवतो. आई तेही करत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी स्टुलावर उभी राहिले.

"आई, बाबा, ऐका! काका, तो कप उचला आणि तुम्हीही ऐका. मी ठरवलंय. आजपासून माझी खोली आईची. कामाची. टेबल, कॉम्प्युटर, सगळं तिकडे जाणार, आणि दाराला आतून कडी लागणार."

"अगं, पण तू कुठे अभ्यास करणार?" आई म्हणाली.

"इथे. पॅसेजमध्ये. मला कोणीही, कधीही, कितीही वेळा मध्येच उठवलं तरी चालतं. उलट आवडतं."

"वेडी आहेस का? अशी कशी स्वतःची खोली—"

"विचारत नाहीये आई, सांगतेय. तुझा जिना झाला की सामान हलवायचं. बाबा, टेबल उचलताना ती बाजू तुमची."